लाव्हावरचा मीना

1751 साली पॅरिसहून दक्षिणेकडे निघालेले निसर्गअभ्यासक ज्याँ-एतिएन गेतार वाटेत मुलँ या गावी थांबले. सोबत त्यांचे मित्र मालझर्ब होते. हेच मालझर्ब पुढे सोळाव्या लुईचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले आणि 1794 मध्ये स्वतःही गिलोटिनखाली गेले. पण ती फार पुढची गोष्ट. मुलँमध्ये गेतार यांच्या नजरेत भरला तो रस्त्याकडेचा मैलाचा दगड. काळपट, अंगभर बारीक भोके पडलेला. हा लाव्हा आहे हे त्यांनी ओळखले आणि तो कुठून आणला याची चौकशी केली. ओव्हेर्न्य प्रांतातल्या व्होल्विकच्या खाणीतून, असे उत्तर मिळाले. मग हे दोघे व्होल्विकला गेले, खाण पाहिली, आसपासच्या डोंगरांवर चढले, आणि फ्रान्सच्या मधोमध विझलेल्या ज्वालामुखींची एक रांगच उभी आहे हे गेतार यांनी पुढच्या वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. तोवर फ्रान्समध्ये कधीकाळी ज्वालामुखी होते ही कल्पनाच विद्वानांच्या डोक्यात नव्हती. गंमत अशी की शेजारच्या क्लेरमाँ शहराचे काळे कॅथीड्रल 1248 पासून याच दगडात उभे राहत होते, रियोम गावातली कारंजी आणि घरांच्या चौकटी याच दगडाच्या होत्या. पाथरवटांच्या कितीतरी पिढ्या लाव्हा फोडून जगल्या, त्याचे नाव तेवढे कुणी विचारले नव्हते.

व्होल्विकच्या वर न्युजेर नावाचा डोंगर आहे. सुमारे बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी त्याच्या पोटातून जो प्रवाह निघाला, तो थिजून हा दगड झाला. भूगर्भाच्या हिशेबात ही कालचीच गोष्ट. आपल्या पायाखालचा दख्खनचा लाव्हा सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे व्होल्विकचा डोंगर किती लहान आणि किती तरुण ते कळते. आज हे नाव जगाला बाटलीतल्या पाण्यामुळे ठाऊक आहे. पण त्याच डोंगराच्या दगडाने दोनशे वर्षांपूर्वी एक वेगळाच जन्म घेतला. त्यावर रंगीत काच वितळवून चढवली गेली, म्हणजे सोनार चांदीवर करतो तशी मीनाकारी पाषाणावर झाली. आज पंचतारांकित हॉटेलांच्या स्वागतकक्षात, मद्यालयांच्या लांबलचक काउंटरवर, दागिन्यांच्या आणि अत्तरांच्या दुकानांत जो चकचकीत, गडद, अंगावर बारीक रेषांची जाळी असलेला दगड दिसतो, तो याच जन्माचा वंशज. सजावटकारांच्या माहितीपत्रकांत तो नवलाईचा म्हणून मिरवतो. आपण त्याची वंशावळ उलगडू या.

आधी एक साधा प्रश्न. दगडावर काच चढवायची तर दगड भट्टीत घालावा लागतो, आणि बहुतेक दगड भट्टी सोसत नाहीत. चुनखडी आणि संगमरवर तापवले की त्यांचा कळीचा चुना होतो, आणि त्यावर पाणी पडले की पीठ. ग्रॅनाइटची तऱ्हा निराळी. त्यातल्या गारगोटीच्या कणांची रचना 573 अंशांना एकदम बदलते, ते फुगतात, आणि दगड आतून पिंजतो. मातीच्या विटांचा प्रश्न नसतो, त्या भट्टीसाठीच जन्मलेल्या. म्हणूनच बॅबिलोनपासून इस्फाहानपर्यंत रंगीत झिलईचा जो थाट आपण पाहतो तो सगळा विटांचा आणि मातीच्या फरशांचा आहे. दख्खनमध्येही तेच झाले. बहमनी वजीर महमूद गावान याने 1472 मध्ये बीदरला मदरसा बांधला, त्याच्या दर्शनी भिंतींवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरशांचे नकशीकाम चढवले. इमारत दगडाची आणि रंग मातीचा, दोघांच्या मध्ये चुना. या चुन्याने काही शतकांनी दगा दिला आणि फरशा ठिकठिकाणी गळून पडल्या.

तरीही थेट दगडावर झिलई चढवण्याची विद्या विटांवरच्या झिलईपेक्षा जुनी आहे. तिचा मान जातो शंखजिऱ्याला. नखानेही ओरखडा पडेल इतका हा दगड मऊ, पण हजार अंशांच्या आसपास तापला की इतका कठीण होतो की काचेवर ओरखडा उमटवील. इसवी सनापूर्वी 4000 च्या सुमारास इजिप्तमधले कारागीर शंखजिऱ्याच्या मण्यांवर निळी-हिरवी झिलई चढवत होते, आणि जवळपास त्याच काळात बलुचिस्तानातल्या मेहरगढलाही तसे मणी होत होते. पुढे हडप्पाकाळात ही विद्या भरभराटीला आली. सिंधू संस्कृतीच्या ज्या मुद्रा आपण शाळेच्या पुस्तकात पाहिल्या, त्या शंखजिऱ्यात कोरून, वर क्षाराचा लेप देऊन, भाजून पांढऱ्याशुभ्र केलेल्या आहेत. मुद्रा मात्र तळहातावर मावणाऱ्या आणि मणी तर मोहरीएवढे. दगडावरचा मीना दागिन्यापासून निघून भिंतीपर्यंत पोहोचायला आणखी हजारो वर्षे लागायची होती, आणि त्यासाठी असा दगड हवा होता जो एकदा आगीतून निघालेला असल्यामुळे दुसऱ्यांदा आगीला भीत नाही.

हा दगड पॅरिसला पोहोचला तो एका सरकारी अधिकाऱ्याच्या गावाभिमानामुळे. गास्पार द शाब्रोल हे 1773 मध्ये रियोमला जन्मले. अभियंता म्हणून ते नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवर गेले, आणि 1812 मध्ये पॅरिसचा कारभार पाहणारे सेन विभागाचे प्रीफेक्ट झाले. नेपोलियन पडला, राजे परत आले, पुन्हा नेपोलियन शंभर दिवसांसाठी आला, पुन्हा राजे आले, आणि तो शंभर दिवसांचा खंड सोडला तर शाब्रोल यांची खुर्ची हलली नाही. त्यांना काढा म्हणून कुणी अठराव्या लुईकडे तगादा लावला, तेव्हा शाब्रोल यांचे लग्न पॅरिसशी लागले आहे आणि घटस्फोट तर आम्ही कायद्याने बंद केला, असे राजाने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. अखेर 1830 च्या जुलै क्रांतीने हा संसार मोडला. या अठरा वर्षांत शाब्रोल यांनी पॅरिसला पदपथ दिले, आणि त्यासाठी व्होल्विकचा लाव्हा आणवला. 1820 मध्ये व्होल्विकला पाथरवटांच्या मुलांसाठी चित्रकला आणि शिल्प शिकवणारी शाळा काढली. आपल्या गावचा दगड राजधानीत खपावा, त्याला मोल यावे, हा ध्यास सरळ दिसतो. आज याला हितसंबंध म्हणतील. पण त्या काळ्या दगडाचे नशीब अशा हितसंबंधांनीच वेळोवेळी उघडले आहे.

याच सुमारास, एप्रिल 1819 मध्ये, जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघुर नदीच्या दरीत उतरला आणि अजिंठ्याची लेणी पुन्हा जगाच्या नजरेस आली. तिथेही लाव्हावर रंग होता. पण अजिंठ्याच्या चित्रकारांनी खडकाला आधी मातीचा गिलावा दिला होता, त्यात भाताचे तूस आणि गवताचे तंतू मिसळले होते, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन मग चित्रे काढली होती. गुहेच्या काळोखात ती चौदापंधराशे वर्षे टिकली. तीच चित्रे उघड्यावर, चार पावसाळे तरी टिकली असती का? पॅरिसच्या वास्तुकारांपुढे नेमका हाच प्रश्न होता, आणि अजिंठ्याची वार्ता त्यांच्या कानी पडली नव्हती.

शाब्रोल यांच्या सांगण्यावरून लाव्हावर मीना चढवण्याचे प्रयोग करणारा माणूस फेर्दिनाँ मोर्तेलेक. चिनी मातीच्या भांड्यांवर आणि खिडक्यांच्या काचांवर वापरायचे भाजके रंग बनवणे हा त्याचा धंदा, म्हणजे काच आणि धातूंच्या क्षारांची नाडी त्याला ठाऊक होती. त्या काळी सेव्हर्‌च्या कारखान्यात चिनी मातीच्या पातळ पाट्यांवर तैलचित्रांच्या हुबेहूब नकला भाजून काढत. अडचण एकच, पाटी मोठी झाली की भट्टीत वाकते किंवा तडकते. लाव्हा वाकत नाही. 1827 च्या सुमारास मोर्तेलेकला गणित सुटले. पुढे त्याचा जावई आशेत याने 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यासाठी कारखाना काढला, आणि टेबलांचे माथे, शेकोटीच्या चौकटी, भिंतीवरचे पट्टे असा माल बाजारात आणला. घराच्या आतल्या सजावटीसाठी मीना चढवलेला पाषाण विकण्याचा धंदा हा असा सुरू झाला.

ही क्रिया जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण मुख्य टप्पे आजही तेच आहेत. खाणीतून आलेला ठोकळा करवतीने चिरून दोन ते चार सेंटिमीटर जाडीचे पाट काढतात. कापलेल्या पाटाकडे तिरक्या उजेडात पाहिले तर तो करड्या पावासारखा दिसतो, टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रांपासून वाटाण्याएवढ्या पोकळ्यांपर्यंत सगळे त्यात असते. मोठी भोके लुकणाने बुजवतात. मग पाटाला जो आकार हवा तो आधीच देऊन घेतात, कडा गोल करायच्या त्या करतात, नळाचे भोक पाडायचे ते पाडतात. त्यानंतर पांढरा अस्तराचा थर, आणि त्यावर काचेची अगदी बारीक दळलेली पूड पाण्यात कालवून ओततात, फवारतात किंवा कुंचल्याने लावतात. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबे किंवा क्रोमियम, तपकिरीसाठी लोखंड. ओला थर मळकट, खडूसारखा दिसतो, खरा रंग भट्टीतच उमलतो. नऊशे ते हजार अंशांना पूड वितळते, दगडाच्या तोंडाशी असलेल्या भोकांत उतरते आणि तिथे मुळे धरते. मग भट्टी उघडण्याची घाई करायची नाही. थंड होताना काच दगडापेक्षा जास्त आकसते, तिला दगड आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत काचेच्या अंगावर केसासारख्या चिरा पडत जातात. भट्टीतून काढल्यावरही पाट काही काळ टिंग टिंग वाजत राहतो. मोर्तेलेकच्या काळी ही जाळी दोषात जमा होती. चित्र काढायला निघालेल्या माणसाला देवदूताच्या गालावर चिरा कशा चालतील? आज गिऱ्हाईक दुकानात येऊन पहिली तीच मागते.

चित्र काढायला निघालेल्यांत अग्रणी होते जाक इग्नास हितोर्फ. जन्म 1792 चा, जर्मनीतल्या कोलोनचा, कर्मभूमी पॅरिस. उत्तर रेल्वेचे भव्य स्थानक, गार दु नोर, ही त्यांचीच पुढची निर्मिती. 1823-24 मध्ये ते सिसिलीला गेले आणि सेलिनुन्ते इथल्या ग्रीक मंदिरांच्या अवशेषांवर त्यांना रंगाचे अंश आढळले. ग्रीकांची मंदिरे शुभ्र संगमरवरी, शांत, सोवळी अशी युरोपची ठाम समजूत. ती मंदिरे लाल, निळी, पिवळी रंगवलेली होती असे हितोर्फ सांगू लागले आणि पॅरिसच्या विद्वानांत वर्षानुवर्षे खडाजंगी झाली. आज शास्त्राने हितोर्फ यांच्या बाजूने कौल दिला आहे. पण हितोर्फ यांना ग्रीकांचा रंग सिद्ध करून थांबायचे नव्हते, पॅरिसच्या इमारतींना तो द्यायचा होता, आणि पॅरिसच्या धूर-पावसात टिकेल असा रंग मोर्तेलेकच्या लाव्हाशिवाय कुठे नव्हता. ते आशेतच्या धंद्यात भागीदार झाले.

त्यांची मोठी संधी म्हणजे सँ-व्हँसाँ-द-पोल हे चर्च. 1824 ते 1844 या काळात ते त्यांनी सासरे लपेर यांच्यासह बांधले. हे लपेरही शाब्रोल यांच्याप्रमाणे इजिप्त मोहिमेवर गेलेले. चर्चच्या दर्शनी ओसरीतली भिंत लाव्हावरच्या चित्रांनी मढवायची असा हितोर्फ यांचा बेत होता. प्येर-ज्यूल जोलिव्हे या चित्रकाराकडे काम गेले. 1846 मध्ये दारावर पहिला पट बसला, विषय ख्रिस्ती त्रिमूर्ती. बाकीचे व्हायला चौदा वर्षे गेली. 1860 मध्ये ते लागले आणि गदारोळ उडाला. जुन्या कराराच्या कथांमध्ये आदम आणि हव्वा उघडेवाघडे होते, तेही रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसतील असे. त्यात रंग इतके तेजस्वी की शेजारचा शांत दगड त्यापुढे फिका पडावा. पाद्रीमंडळी संतापली. बॅरन ओसमान यांचा काळ होता, सबंध पॅरिस उकरून नवे करणाऱ्या या प्रशासकाच्या राजवटीत 1861 मध्ये पट उतरवून गोदामात टाकले गेले. जोलिव्हेने त्याच वर्षी चर्चच्या बाहेरच्या चित्रकलेची बाजू मांडणारी एक पुस्तिका छापून निषेध केला, त्याचा काही उपयोग झाला नाही. नग्नता हे निमित्त होते असे मला वाटते. खरा राग रंगाचाच होता. पांढऱ्या-करड्या शहराला दगडाने बोलू नये असेच वाटत होते.

जोलिव्हेच्या कलेचा शाबूत नमुना पाहायचा तर त्याच्या स्वतःच्या घरापाशी जावे. 1858 मध्ये वास्तुकार जाल यांनी बांधलेल्या या घराच्या दर्शनी भागावर मीना चढवलेल्या लाव्हाचे पट अजून झळकतात. गल्लीचे नाव सिते मालझर्ब. मुलँच्या मैलाच्या दगडाजवळ गेतार यांच्याबरोबर उभे असलेले तेच मालझर्ब.

कलेच्या दरबारात पाषाणाचा असा पाणउतारा होण्याआधीच त्याला रस्त्यावर नोकरी लागली होती. पॅरिसच्या गल्ल्यांची नावे 1805 पासून भिंतींवर तैलरंगाने लिहीत आणि ती उडत. 1844 मध्ये प्रीफेक्ट रांब्युतो यांनी ठरवले की नावांच्या पाट्या व्होल्विकच्या लाव्हाच्या करायच्या, निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे. पॅरिसची जी निळी पाटी आज चहाच्या मगांवर आणि फ्रिजच्या चुंबकांवर छापून विकतात तिचे रंग इथून आले. पुढे स्वस्त म्हणून लोखंडी पत्र्यावरचा मीना आला आणि दगडी पाट्या मागे पडल्या, तरी काही जुन्या भिंतींत त्या आहेत. पत्र्याच्या पाटीचा टवका उडाला की गंज धरतो. दगडाच्या पाटीचा टवका उडाला तर आत दगड दिसतो, एवढेच.

या विद्येचा वारसा पुढे जिले घराण्याकडे आला. फ्राँस्वा जिले यांचे घर आणि दुकान सँ-व्हँसाँ-द-पोल चर्चच्या अगदी कुशीत, फेनेलाँ गल्लीत नऊ नंबरला, आणि त्याची दर्शनी भिंत हीच जाहिरात. गोदामात पडलेल्या जोलिव्हेच्या चित्रांची रिकामी जागा तिथून चार पावलांवर. पुढे एझेन जिले यांच्याकडे एक विलक्षण गिऱ्हाईक आले, एक्तोर गिमार. 1900 मध्ये पॅरिसची भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकांची वेलीसारखी वळलेली लोखंडी दारे गिमार यांनी घडवली. त्यांवरच्या ‘मेट्रोपोलितँ’ या पाट्या जिले यांच्या लाव्हाच्या होत्या. पोर्त दोफीनच्या प्रवेशमंडपात तर भिंतींचे पटच नारिंगी मीन्याचे आहेत, त्यावर वनस्पतींच्या वळणांची नक्षी, आणि वर पाखरासारखे उघडलेले काचेचे छत. लाखो चाकरमान्यांचे खांदे आणि छत्र्या घासून गेल्या, त्या भिंतींचा रंग हलला नाही.

त्याच वेळी गिमार उत्तरेकडे लील शहरात आणखी एक काम करत होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. लुई क्वालियो नावाच्या सिरॅमिकच्या व्यापाऱ्याला फ्लरूस रस्त्यावर दुकान आणि वर राहते घर बांधायचे होते. जागा चिंचोळी आणि रस्त्याला तिरकी. 1898 ते 1900 या काळात गिमार यांनी तिथे हिरव्या लाव्हाचा दर्शनी भाग उभा केला. इतर व्यापारी विकायचा माल काचेआड मांडत, क्वालियोने मालाचीच भिंत केली. लाव्हाच्या कडा वळवल्या, अक्षरे त्यातच घेतली, वर लाकडाच्या छपराचा खोल आडोसा. धर्माच्या दारात जे चालले नाही ते व्यापाराच्या दारात शोभून दिसले. दुकानाचा थाट आणि मीना चढवलेला पाषाण यांची गाठ इथे पक्की बसली, ती आजवर सुटलेली नाही. गिमार यांची लाट लवकर ओसरली, ‘नूडल शैली’ म्हणून तिची टिंगल झाली, बहुतेक प्रवेशमंडप पाडून टाकले गेले. क्वालियोच्या घराला 1977 मध्ये संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला.

विसाव्या शतकात पाषाणाने पुन्हा साध्या कामाला हात घातला. 1890 मध्ये स्थापन झालेल्या तूरिंग क्लब द फ्रान्सने डोंगरमाथ्यांवर दिशादर्शक चौथरे बसवायला सुरुवात केली. कुठल्या दिशेला कुठले शिखर, किती अंतरावर, याचे रंगीत चित्र लाव्हावर भाजलेले. बर्फ, ऊन, शाळकरी पोरांचे चाकू, सगळे त्यांनी सोसले. मग आले मिशेलिन बंधू. त्यांचा टायरांचा कारखाना क्लेरमाँ-फेराँला, म्हणजे व्होल्विकच्या शेजारी. मोटारवाला वाट चुकला नाही तर जास्त फिरेल, जास्त फिरला तर टायर झिजतील, हा साधा हिशेब. आंद्रे मिशेलिन यांनी 1912 मध्ये रस्त्यांना क्रमांक द्यावेत म्हणून सह्यांची मोहीम काढली, आणि कंपनीने फ्रान्सभर चौकाचौकांत काँक्रीटचे चौकोनी खांब उभे केले, त्यांच्या तोंडांवर लाव्हाच्या पाट्या. हे उत्पादन 1970 च्या सुमारापर्यंत चालले. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत हे खांब अजून उभे आहेत, आणि शेजारचा अलीकडचा पत्र्याचा फलक फिकट पडलेला असताना त्यांवरची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. शाब्रोल यांच्यानंतर शंभर वर्षांनी पुन्हा एकदा गाववाल्यानेच या दगडाला हात दिला.

तिसरी नोकरी प्रयोगशाळेत. फ्रान्समधल्या शाळा-महाविद्यालयांच्या रसायनशाळांत ओट्यांवर पांढऱ्या मीन्याचा लाव्हा बसवत. आम्लाला दाद देत नाही, बन्सनच्या ज्योतीवरून काढलेली मूस वर ठेवली तरी डाग नाही. या ओट्यावर शिकलेल्या पिढ्यांपैकी कुणाला तरी हाच ओटा स्वयंपाकघरात का नको असे वाटले असणार. गेल्या शतकाच्या अखेरीस तो तिथे आला, पांढऱ्याच्या जागी मिरी-लाल, मोरपिशी, अंजिरी अशा रंगांत. आणि घरातून तो हॉटेलांत, उपाहारगृहांत, स्नानगृहांच्या खोलगट कुंडांत, पोहण्याच्या तलावांच्या भिंतींत शिरला. व्यापारी जागांना तो भावला त्याची कारणे ओळीने सांगता येतील, पण मूळ एकच. काउंटरवर लिंबू पिळले जाते, वाइन सांडते, दिवसातून वीस वेळा ओले फडके फिरते, काचेतून ऊन थेट पडते. संगमरवराला लिंबू खाते, लाकडाला पाणी, राळ मिसळलेल्या कृत्रिम पाटांना ऊन आणि गरम भांडे. काचेला यातले काही शिवत नाही. सौंदर्याचे बोलायचे तर, फरशी एकसारखी असते, दगड कधीच नसतो. मीन्याखालून छिद्रांचे खळगे जाणवतात, तिथे काच जाड साठून रंग गडद होतो, कडेला ती पातळ होऊन दगडाचा करडा रंग डोकावतो. दिव्याखाली हात फिरवला की पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, पण डोळ्याला तो सपाट दिसत नाही.

आता या व्यवसायात फ्रान्स एकटा नाही. सिसिलीत एटनाच्या पायथ्याशी 1693 च्या भूकंपानंतर कातानिया शहर काळ्या लाव्हानेच पुन्हा उभे केले होते, आणि त्याच बेटावर काल्ताजिरोने हे रंगीत मातीकामाचे जुने गाव आहे. एटनाचा दगड आणि काल्ताजिरोनेचे रंग एकत्र आले आणि लिंबू-पिवळ्या, गर्द निळ्या नक्षीचे लाव्हाचे टेबल व फरशा जगभरच्या हॉटेलांत जाऊ लागल्या. सेलिनुन्तेच्या ढिगाऱ्यात रंगाचे अंश शोधणाऱ्या हितोर्फ यांना हे पाहून काय वाटले असते! त्यांच्या चर्चच्या दाराशी 2011 मध्ये जोलिव्हेचे पट दीडशे वर्षांच्या वनवासानंतर पुन्हा बसवले गेले. रंग जसेच्या तसे होते. आदम-हव्वेबद्दल या वेळी कुणी फारसे काही बोलले नाही.

आणि आपण? देशातला सर्वांत मोठा लाव्हा ज्यांच्या अंगणात, त्यांनी त्यावर मीना का चढवला नाही, असा प्रश्न मराठी वाचकाला पडेलच. आपल्या काळ्या पाषाणात वेरूळचे कैलास कोरले गेले, हेमाडपंती देवळे उभी राहिली, पण त्याची गरज रंगाची नव्हती, घडाईची होती. शिवाय आपल्या पाषाणाची जात वेगळी. व्होल्विकची भोके रिकामी आहेत, आपल्या खडकातली कोट्यवधी वर्षांत झिओलाइटसारख्या स्फटिकांनी भरून गेली. पुणे, नाशिक, जळगाव भागांतल्या खाणींतले हे स्फटिक जगभरचे संग्राहक मोल देऊन नेतात. त्यांच्या रचनेत पाणी असते आणि तापवले की ते बाहेर पडते. मीन्याच्या भट्टीत हे पाहुणे नकोत. मग आपल्या ओट्यांवर आधी कडाप्पा आला, मग ग्रॅनाइट, आता गारगोटीच्या चुऱ्याचे पाट. मुंबई-पुण्यातला एखादा सजावटकार लाव्हा मागवतो तो युरोपातूनच, आणि त्याची किंमत ऐकून मालक एकदा खुर्चीत सावरून बसतो.

मागवतानाही या दगडाच्या अटी जुन्याच आहेत. भट्टीच्या मापापेक्षा मोठा पाट होत नाही, म्हणून लांब काउंटरला सांधे येतात, आणि ते कुठे येणार हे आराखड्यातच ठरवावे लागते. भाजल्यानंतर कापायचे म्हटले तर कड उघडी पडते, म्हणून जागेवर पुठ्ठ्याचा किंवा पातळ फळीचा साचा करून तो कारखान्याकडे धाडतात, नळ, कुंड, विजेची तार यांची भोके त्यावर आखून. दोन वेगवेगळ्या भट्ट्यांचा निळा एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा अनुभवी सजावटकार एक-दोन पाट पहिल्याच खेपेला जास्तीचे भाजून घेतो आणि हॉटेलच्या कोठारात उभे करून ठेवतो.